आपल्या गावात रिकामी जागा कुठं आहे, दाखवा!

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय तुमच्या-माझ्या गावच्या तळ्याचा आणि माळाचा आहे आणि हातात फार दिवस उरलेले नाहीत.

तळ्याच्या काठावर पालिकेचा फलक लागलाय, तो सगळ्यांनी बघितलाच असेल. 'तलाव सुशोभीकरण'. चारही बाजूंनी दगडी पिचिंग, वर काँक्रीटची भिंत, पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, रंगीत कारंजं, हायमास्ट दिवे, सेल्फी पॉइंट. आणि सगळ्यात भारी म्हणजे काठावर उभे करायचे फायबरचे फ्लेमिंगो! उत्तरेची बाजू बांधून झालीसुद्धा. पश्चिमेकडे जेसीबी येऊन उभा आहे.

दुसरी बातमी बायपासपलीकडच्या माळाची. तिथं फक्कीनं चौकोन आखलेत. खड्डे घेणार, झाडं लावणार, 'ऑक्सिजन पार्क' करणार. फोटो निघणार, फित कापली जाणार.

या दोन्ही कामांची चर्चा झाली तेव्हा मी पत्रकार म्हणून मागच्या खुर्चीवर बसलेलो होतो. दोन्ही जागांसाठी एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरला गेला. 'पडीक'. तळ्याचा पश्चिम काठ पडीक, माळ पडीक. 'रिकामीच जागा आहे, काहीतरी चांगलं करू.' आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझं भांडण या एका शब्दाशी आहे.

मी काही पक्षितज्ज्ञ नाही. पत्रकारितेची पदविका आहे, दुर्बीण जुनी आहे आणि वही साधी दोनशे पानी आहे. पण गेली अकरा वर्षं, बातम्यांच्या धावपळीतून जमेल तशा रविवारच्या सकाळी मी स्टँडपासून पाच किलोमीटरच्या आत पायी फिरतोय. तळं, ओढा, स्मशानभूमीमागची चिंच, माळ आणि जुनी बारव. एवढाच माझा मुलूख. पेट्रोल लागत नाही, तिकीट लागत नाही. या फिरण्यातून एक गोष्ट ठामपणे सांगतो. या गावात सगळ्यात गजबजलेल्या जागा कुठल्या असतील तर त्या याच, ज्यांना तुम्ही पडीक म्हणताय. फक्त त्यांचा सातबारा त्यांच्या नावावर नाही आणि त्यांना मत नाही.

पटत नसेल तर चला, वर्षाचा हिशोब मांडतो.

ज्येष्ठात, पहिला वळीव पडायच्या आधीच ओढ्याकाठच्या लिंबावर पावश्या ओरडायला लागतो. 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा.' आपल्या आज्यापणज्यांनी त्याच्या ओरडण्यात पेरणीचा निरोप ऐकला. त्याच सुमारास चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. तो मोसमी वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो आणि आपल्या स्मशानभूमीच्या बाभळीवर बसतो. हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर यायच्या आधी हा पाहुणा हजर असतो.

आषाढात बारवेवर सुगरणींची वर्दळ सुरू होते. सुगरण म्हणतो आपण, पण घरटं विणतो नर. गवताची ओली पाती फाडून आणतो, पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला गाठ मारतो, अर्धं घरटं विणून झालं की पंख फडफडवून मादीला बोलावतो. तिनं नापसंत केलं की गेली मेहनत पाण्यात. आपल्या बारवेच्या वरची ती बाभूळ गेल्या वर्षी 'बारव स्वच्छता मोहिमे'त तोडली. बारव स्वच्छ झाली, छानच झालं. घरटी गेली, त्याची नोंद कुणी केली नाही.

श्रावण-भाद्रपदात तळ्याचा पश्चिम काठ म्हणजे बाळंतिणीची खोली असते. टिबुकली पाणवनस्पतींचं तरंगतं घरटं करते आणि पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. कमळपक्षी लांब बोटांनी पानांवरून चालतो. त्याच्यात अंडी उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम बाप करतो. पानांवरून पिल्लांना घेऊन निघालेला कमळपक्ष्याचा बाप मी याच काठावर बघितलाय. याला तुम्ही 'गाळ आणि घाण' म्हणताय.

भाद्रपद सरला की धोबी येतो. शेपटी वर-खाली हलवत चिखलात तुरुतुरु पळणारा तो चिमणीएवढा जीव हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून आलेला असतो. पाठोपाठ तुतवार, मग थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. कधीकधी पट्टकदंब हंसांची रांग आवाज करत डोक्यावरून उजनीकडं जाते. तिबेट, मंगोलियाकडं अंडी घालणारा हा हंस हिमालय ओलांडून येतो. आपल्याकडं पुण्याला बदली झाली तरी लोक रडतात.

दिवाळी ते संक्रांत हा सुगीचा काळ. शाळू हुरड्यात आला की भोरड्यांचे थवे येतात. शेतकरी गोफण घेऊन उभा राहतो आणि त्याची चिडचिड खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण ह्याच भोरड्या नाकतोडे आणि अळ्याही फस्त करतात, हेही तोच शेतकरी सांगतो. फाल्गुनात पळस फुलला की मधासाठी त्या पळसावर उतरतात, म्हणून काही लोक तिला पळसमैना म्हणतात. मग चैत्रात एक दिवस थवे निघून जातात आणि आभाळ ओकंबोकं वाटतं.

चैत्र-वैशाखात तळं आटतं. पालिकेला ते 'भकास' दिसतं आणि सुशोभीकरणाचे फोटो नेमके याच दिवसांत काढले जातात. पण पाणी मागं हटून जो ओला चिखल उघडा पडतो, त्यावर लाल पायांचे शेकाटे येतात. टिटवी उघड्या जमिनीवर चार अंडी घालते. अंडी मातीच्या ढेकळांसारखी, दोन पावलांवरून दिसत नाहीत. कुत्रं जवळ आलं की ती पंख पसरून आरडाओरडा करत अंगावर जाते. भर उन्हात तांबट पिंपळावर बसून 'टुक टुक टुक' ठोके देत असतो.

झालं एक वर्ष. यात एक तरी महिना रिकामा होता का?

आता मुद्द्यावर येतो. भिंत बांधली तर नेमकं काय बिघडतं? पाणी तर तिथंच राहणार ना, असं मला एका माजी नगरसेवकांनी विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर नीट देतो.

तळ्यातले निम्मे पक्षी पोहत नाहीत. ते काठावर चालतात. धोब्याला ओला चिखल लागतो, तुतवारीला घोटाभर पाणी लागतं, शेकाट्याला वीतभर, बगळ्याला गुडघाभर. पोहणाऱ्या बदकांतही तलवार बदकासारखी पुष्कळ बदकं खोल बुडी मारत नाहीत. डोकं खाली, शेपूट वर करून मान पोचेल तेवढ्या खोलीवरचं खातात. म्हणजे सगळा खेळ उताराचा आहे. जमिनीचा काठ हळूहळू पाण्यात उतरत जातो, म्हणून प्रत्येकाला आपापल्या पायाच्या आणि चोचीच्या मापाची जागा मिळते. पाणी वाढलं-घटलं की ही जागा पुढं-मागं सरकते. तिथं उभी भिंत घातली की एका बाजूला पेव्हर ब्लॉक आणि दुसऱ्या बाजूला थेट खोल पाणी. मधला सगळा बाजार उठला. लव्हाळा गेला, पाणकणीस गेलं, बेडूक गेले, चतुर गेले. राहिला फक्त एक मोठा हौद. हौदावर कोण येतं? कबुतरं आणि शेंगदाणेवाला.

उत्तरेची बाजू बांधल्यानंतरचा हिवाळा मी त्या भिंतीवर बसून मोजलाय. माझ्या वहीत त्या बाजूला सबंध पाच महिन्यांत एकही तुतवार नाही. त्याच सकाळी, त्याच तळ्यात, पश्चिमेच्या 'पडीक' काठावर मात्र नेहमीसारखी गर्दी. आता जेसीबी तिकडंच निघालाय.

आणि मग खऱ्या पक्ष्यांची जागा बुजवून तिथं फायबरचे फ्लेमिंगो! खरा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला दर हिवाळ्यात येतो. का येतो? उथळ पाणी आणि चिखल मिळतो म्हणून. तो चोच उलटी करून चिखलपाणी गाळून खातो. चिखल बुजवून त्यावर रोहिताचा पुतळा बसवणं म्हणजे विहीर बुजवून तिथं पाणपोई काढण्यासारखं आहे.

आता माळ. इथं मला जास्त शिव्या बसणार आहेत, कारण मी झाडं लावायला विरोध करतोय. करतोय. माळावर, दाटीनं झाडं लावायला माझा स्पष्ट विरोध आहे.

माळ म्हणजे जंगल मेल्यावर उरलेली जमीन नव्हे. कमी पावसाच्या, उथळ मातीच्या मुलखात गवत हेच तिथलं जंगल आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्याला हे कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य १९७९ साली झालं ते याच गवतासाठी. आज तिथं माळढोक दिसणं ही दुर्मीळ बातमी झाली आहे. एवढा मोठा पक्षी डोळ्यांदेखत गेला तरी आपण माळाला पडीकच म्हणतोय. अन् आपणच नाही. देशाच्या सरकारी 'वेस्टलँड ॲटलास'मध्येही गवताळ आणि झुडपी जमिनींचे मोठे पट्टे पडीक जमिनीच्या रकान्यात आहेत. एकदा कागदावर पडीक लिहिलं की मग तिथं काहीही केलं तरी ती 'सुधारणा'च ठरते.

आपल्या माळावर आजही धाविक आहे. विटकरी रंगाचा, उडण्यापेक्षा पळणारा देखणा पक्षी. माळटिटवी आहे, चंडोल आहे. हिवाळ्यात भोवत्या येतात, गवतावरून इतके खाली तरंगत जातात की पंखानं गवत झाडतायत असं वाटावं. हे सगळे मोकळ्या जागेचे जीव. त्यांना लांबवर दिसावं लागतं, कारण त्यांचा शत्रू लांबून येतो. तिथं ओळीनं ग्लिरिसिडिया उभा केला की ते आपली बाडबिस्तरा उचलतात. शिवाय त्या माळावर ज्यांची मेंढरं चरतात त्या धनगर वाड्यावरच्या मंडळींना या योजनेत कुणी विचारलंय का? तारेचं कुंपण आलं की मेंढरं कुठं न्यायची? त्यांचा आवाज त्या सभेत नव्हता, जसा पक्ष्यांचाही नव्हता.

राज्यात २०१९ साली तेहतीस कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला होता. तेव्हा आपल्या गावातही खड्डे झाले. त्यातली किती झाडं आज उभी आहेत, हे कुणीही सकाळी फिरायला जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी मोजावं. मी आकडा सांगत नाही, तुम्हीच मोजून कमेंटमध्ये टाका. झाडंच लावायची असतील तर स्टँडपासून तहसीलपर्यंतचा रस्ता बोडका पडलाय. रुंदीकरणात तिथले वड गेले. लावा तिथं वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब आणि तीन वर्षं पाणी घाला. पण तिथं फ्लेक्स लावायला मोकळी जागा हवी असते, तो विषय वेगळा.

'तुम्ही एकटे ओरडताय, पक्षी काही कुठं जात नाहीत,' असं म्हणणाऱ्यांसाठी देशाचा हिशोब देतो. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२३ साली आला. सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे. म्हणजे माझ्यासारख्याच, रविवारी वही घेऊन हिंडणाऱ्या लोकांच्या. ९४२ जातींचा आढावा घेतला. त्यातल्या ३३८ जातींचा दीर्घकाळाचा कल सांगता येण्याइतकी माहिती मिळाली आणि त्यांतल्या साठ टक्के जाती घटलेल्या निघाल्या. जास्त मार कुणाला बसलाय? मोकळ्या माळरानातले पक्षी, शिकारी पक्षी, बदकं. म्हणजे नेमके तेच, जे आपल्या या दोन 'पडीक' जागांवर आहेत. मोर आणि कबूतर मात्र वाढलेत. आपण गावागावात जे करतोय त्याची ही देशभराची बेरीज आहे.

'माणसं महत्त्वाची की पक्षी?' हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच घेतो. गिधाडांची गोष्ट आठवा. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधानं, मेलेली जनावरं खाणारी गिधाडं लाखोंनी मेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. मढी सडू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणी नासलं. २०२४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास छापून आला. त्यांचा अंदाज असा, की गिधाडं गेल्यामुळं २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जादा मेली. गिधाडाला कोण सुंदर म्हणत होतं? त्यालाही आपण घाणच समजत होतो. तेव्हा माणूस विरुद्ध पक्षी हा सामना कुणी लावू नये. तळ्याचा ओला काठ गेला की बेडूक आणि मासोळ्या जातात, मग डासांची अंडी कोण खाणार? पेव्हर ब्लॉक?

आता कायद्याचं बोलू. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम आहेत. ज्या जागांना ते लागू होतात, तिथं अतिक्रमण, कचरा टाकणं, सांडपाणी सोडणं याला बंदी आहे. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत बोटीचा धक्का सोडून कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. पळवाटही सांगतो, कारण अर्धवट सांगणं हे पत्रकाराचं काम नाही. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले तलाव या नियमांतून वगळलेत. पण त्याच २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं, उपग्रह नकाशांवरून नोंदवलेल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षणाची तत्त्वं लागू केली. तेव्हा माझा प्रश्न साधा आहे. आपलं तळं त्या यादीत आहे की नाही? असेल तर भिंतीची परवानगी कुणी दिली? नसेल तर का नाही? हो किंवा नाही, लेखी उत्तर द्या. मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. उत्तर यायच्या आधी जेसीबी चालला तर त्याचा अर्थ गावानंच लावावा.

दुसरा कागद. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून, पुढं उशीर झाला तर महिन्याला दहा लाखांच्या भरपाईचा बडगा उगारला, तेव्हा ठिकठिकाणी घाईनं वह्या तयार झाल्या. आपल्याकडची वही मी बघितली. पक्ष्यांच्या पानावर बारा नावं. चिमणी, कावळा, कबूतर, पोपट, मोर वगैरे. एवढी नावं तर पहिलीतलं पोर सांगेल. माझ्या साध्या वहीत पाच किलोमीटरच्या आतल्या दीडशेच्या वर जाती आहेत. ही वही मी समितीला फुकट द्यायला तयार आहे. कुणी घ्यायला तर पाहिजे.

आणि हो, पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर, म्हणून २०२० पासून राज्य सरकार हा आठवडा साजरा करतं. चितमपल्ली तर आपल्या सोलापूरचे. ज्या माणसानं गोंड, कोरकू, पारधी मंडळींबरोबर रानात हिंडून पक्ष्यांची बोलीतली नावं गोळा केली, त्याच्या जिल्ह्यात आपण पक्षी सप्ताह कसा साजरा केला? चौकात एक फ्लेक्स. त्यावर पंधरा फोटो माणसांचे आणि एक पक्ष्याचा. तो पक्षी मकाव. दक्षिण अमेरिकेतला! आपल्या राज्याचा पक्षी हरियाल. तो आपल्या स्मशानभूमीच्या वडावर पिकली फळं खायला येतो. त्याचा फोटो मिळाला नसेल तर माझ्याकडं मागायचा होता.

आता दुसऱ्या बाजूचं. महिलांना सकाळ-संध्याकाळ सुरक्षित फिरायला जागा हवी, म्हाताऱ्यांना बसायला बाक हवा, पोरांना खेळायला मैदान हवं. शंभर टक्के मान्य. माझी आईच गुडघ्याच्या दुखण्यानं रोज चालते आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरला भिते. फिरायला जागा हा चैनीचा विषय नाही. पण त्यासाठी तळ्याला चारही बाजूंनी गळफास कशाला? पूर्वेचा बांध आधीपासून उंच आणि पक्का आहे, उत्तरेची भिंत झालीच आहे. या दोन बाजूंवर फिरता येतं, बाक टाकता येतात. उरलेल्या दोन बाजू जशा आहेत तशा राहू द्या. उलट पैसा वाचेल. ठेकेदाराचं नुकसान होईल तेवढंच.

तळ्याला वास येतो, हीही तक्रार खरी आहे. पण वास पक्ष्यांचा नाही, वास आपल्या गटारांचा आहे. दोन नाले थेट तळ्यात सोडलेत. त्यांचं पाणी अडवून साफ करायचं काम या अंदाजपत्रकात आहे का? मी वाचलं, नाही. कारंजं मात्र आहे. म्हणजे गटाराचंच पाणी रंगीत दिव्यांत वर उडणार आणि आपण त्याखाली सेल्फी काढणार.

ही बातमी मी ज्या दैनिकाला पाठवतो तिथं चार ओळींत आली, पान आठवर, एका शुभेच्छा जाहिरातीखाली. जाहिरात कुणाची होती, हे सांगायची गरज नाही. म्हणून इथं लिहितोय. 'विकासविरोधी' म्हणणारे म्हणोत. पण मग एवढं सांगा, पाच महिन्यांच्या प्रवासावर निघालेल्या जिवाला उतरायला वीतभर चिखल ठेवणं हा विकासविरोध कसा काय?

मागण्या सोप्या आहेत. कुणाच्या खिशाला तोशीस नाही.

एक. पश्चिम आणि दक्षिण काठावरचं काम थांबवा. भिंत नको, पिचिंग नको. बेशरम आणि जलपर्णी काढायची असेल तर पावसाळ्यातला विणीचा काळ सोडून, हातानं काढा.

दोन. आधी दोन्ही नाल्यांचा बंदोबस्त, मग बाकीचं. कारंज्याचा खर्च तिकडं वळवा.

तीन. हायमास्टऐवजी फिरायच्या वाटेपुरते खाली तोंड असलेले छोटे दिवे लावा. रात्री तळ्याच्या पाण्यावर उजेड नको.

चार. माळावरचे खड्डे रद्द करा. तेवढीच झाडं रस्त्यांच्या कडेला, शाळांच्या आवारात लावा. चराईचा निर्णय धनगर वाड्याला विचारून घ्या.

पाच. जैवविविधता नोंदवही गावासमोर जाहीर वाचा आणि दुरुस्त करा. शाळांना सांगा, महिन्यातून एक सकाळ पोरांना तळ्यावर पाठवा. ऋतू बदलतो म्हणजे काय बदलतं, हे पुस्तकापेक्षा तिथं लवकर कळतं.

तुम्ही काय करायचं? पालिकेत जाऊन अर्ज द्या. मी मसुदा तयार केलाय, ज्यांना हवा त्यांनी मेसेज करा. नगरसेवक दारात आला की वॉर्डातल्या गटाराइतक्याच हक्कानं तळ्याबद्दल विचारा. पण त्याआधी एक काम करा. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला पश्चिम काठावर या. दुर्बीण नसली तरी चालेल, भडक कपडे आणि मोबाइलवरची गाणी नकोत. तासभर नुसतं उभं राहा. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी साहेब आणि ठेकेदार यांनाही या पोस्टमधून जाहीर आमंत्रण आहे. चहा माझ्याकडून.

तासाभरानं मला कुणीही त्या काठावर बोट ठेवून दाखवा, की ही बघा, ही जागा रिकामी आहे. दाखवलीत तर तिथं जेसीबी लावायला मी आडवा येणार नाही.

पटलं तर शेअर करा. पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा, पण एकदा तळ्यावर जाऊन या आणि मग भांडा.